बॅग वेळेत आली, पण कुणाच्या पाठीवरून?

‘पोरगा एअरपोर्टला लागला’ असं कुणी सांगितलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. जालन्यात काय, अंबडला काय किंवा भोकरदनला काय, एअरपोर्ट म्हटलं की चकचकीत फरशी, गार हवा आणि गळ्यात स्कार्फ बांधलेली हसरी मुलगी, एवढंच डोळ्यांपुढे येतं. कोर्सच्या जाहिरातींत चित्रही तेच असतं. पण मैत्रिणींनो, गावाकडच्या दहावी-बारावी झालेल्या मुलाला तिथं बहुतेक वेळा जी नोकरी मिळते, ती त्या फरशीवरची नसते. ती भिंतीपलीकडे असते, उन्हात, पावसात आणि इंजिनांच्या आवाजात. त्या जागेला म्हणतात रॅम्प. हा रॅम्प फॅशन शोमधला नव्हे. विमानं जिथं येऊन उभी राहतात, ती ही सिमेंटची मोकळी जागा.

गेल्या काही वर्षांत या रॅम्पवर कामाच्या नव्या नव्या पद्धती आल्या. प्रवाशांची सोय झाली, विमान कंपन्यांचा वेळ वाचला. मग तिथं काम करणारी मुलं वैतागलेली का असतात? या वैतागाचा आपल्या घराशी काय संबंध, तेच आज जरा उलगडून बघू या.

कलिन्यातली गर्दी

१६ जुलै २०२४ हा दिवस आठवतो का? मुंबईत कलिन्याला विमानतळावरच्या कामांसाठी थेट मुलाखती होत्या. बोलावणारी कंपनी होती एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस. एअर इंडिया टाटांकडे गेली तरी ही कंपनी सरकारकडेच राहिलेली. जागा होत्या सुमारे २,२००. आलेल्या मुलांचे आकडे बातम्यांत १५ हजारांपासून २५ हजारांपर्यंत वेगवेगळे आले. फाटकापाशी एवढी रेटारेटी झाली की चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. शेवटी मुलांना अर्ज आणि बायोडाटा देऊन परत जायला सांगितलं.

त्या गर्दीत आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातून आलेला एक मुलगा होता. चारशे किलोमीटरचा प्रवास करून आलेला, पदवीचं शिक्षण चालू असलेला. त्यानं अर्ज केला होता ‘हँडीमन’च्या जागेसाठी, पगार महिना २२,५३० रुपये. देऊळगावराजा आणि जाफराबाद म्हणजे आपलंच अंगण. तो मुलगा आपल्यापैकी कुणाचाही असू शकला असता. देवगिरीनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, पाव खाऊन रांगेत उभं राहायचं, ही वाट आपल्या पोरांच्या पायाखालचीच आहे.

हँडीमन म्हणजे काय? सोप्या भाषेत, विमानातलं सामान चढवणारा-उतरवणारा, म्हणजेच लोडर.

अर्ध्या तासात १०८ पोती

आता हे काम नेमकं असतं कसं ते पाहू. विमान येऊन थांबलं की आधी चाकांना ठोकळे लावायचे, भोवती शंकू ठेवायचे, शिडी किंवा उतार जोडायचा. पोटातलं दार उघडून बॅगा सरकत्या पट्ट्यावर घ्यायच्या, ट्रॉल्यांत रचायच्या आणि ट्रॅक्टरनं आत न्यायच्या. त्याच वेळी इंधनाची गाडी, जेवणाची गाडी, सफाईवाले अशी सगळ्यांची लगबग चालू असते. मग पुढच्या प्रवाशांचं सामान चढवायचं. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या हे सगळं साधारण अर्ध्या तासात उरकायला बघतात. विमान जमिनीवर उभं राहिलं की कमाई थांबते, हा त्यांचा हिशेब.

आपण आपला हिशेब करू. १८० आसनांचं विमान धरा. प्रत्येकानं १५ किलोची एक बॅग दिली असं माना. झाले २,७०० किलो, म्हणजे २७ क्विंटल. मोंढ्याच्या भाषेत ५० किलोची ५४ पोती. तेवढी उतरवायची आणि तेवढीच पुन्हा चढवायची, म्हणजे १०८ पोती! प्रत्यक्षात सगळेच प्रवासी बॅग देत नाहीत, त्यामुळे आकडा कमी भरेल. पण दिवसात एका टोळीच्या वाट्याला एकच विमान येत नाही, हेही लक्षात घ्या. पट्टा असतो तो दारापर्यंत. विमानाच्या पोटात बॅगा रचणारा माणूस गुडघ्यांवर बसून किंवा वाकून काम करतो, कारण या विमानांत तिथं माणूस सरळ उभा राहू शकत नाही. आपण घरी पलंगाखालची ट्रंक ओढतो तेव्हा कंबर कशी धरते? तेच काम तासन् तास करायचं, आणि तेही घड्याळ लावून.

मिनिटं मोजली, माणसं?

या घड्याळाचीच तर सगळी गंमत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये इंडिगोनं प्रवासी उतरवण्याची नवी पद्धत जाहीर केली. दोनाऐवजी तीन दारं, पुढं दोन आणि मागं एक. मोठ्या विमानातून सगळे उतरायला १३-१४ मिनिटं लागायची, ती ७-८ वर येतील असं कंपनीनं सांगितलं. चांगलंच झालं. लेकराला घेऊन रांगेत ताटकळणाऱ्या बाईला त्याचं मोल विचारा. पण तिसरं दार म्हणजे जोडायचा आणि काढायचा तिसरा उतार. शिवाय तीन दारांनी एकदम खाली आलेले प्रवासी गाड्यांच्या मध्ये शिरणार नाहीत, हे बघायला लक्षही जास्त लागतं.

पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोनं सात विमान कंपन्यांना पत्र धाडलं. इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. दहा दिवसांची मुदत दिली होती. हा निकष कागदावर आधीपासून होता, आता सहा मोठ्या विमानतळांवर त्याची मोजणी सुरू झाली. प्रवाशांच्या तक्रारी खऱ्याच होत्या. तासभर पट्ट्याकडे बघत उभं राहणं कुणाला आवडेल? पण वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती मिनिटांची. तेवढ्या मिनिटांत काम व्हायचं तर एका विमानामागं किती माणसं लागतील, किती ट्रॅक्टर लागतील, याची चर्चा फारशी झालीच नाही. घरात पाहुणे दुप्पट आले, स्वयंपाकाची वेळ निम्मी केली आणि ओट्यापाशी बाई मात्र एकच, असं झालं तर काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

नियमच नकोत असं कुणी म्हणत नाही. रॅम्प ही जिवावरची जागा आहे. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत विमान मागं ढकलून झाल्यावर इंजिन सुरू झालं आणि जवळ उभा असलेला तंत्रज्ञ त्यात ओढला जाऊन जागीच गेला. एवढ्या जवळ माणूस असताना इंजिन सुरू झालं, ते इशारा समजण्यात झालेल्या चुकीमुळं. सप्टेंबर २०१९ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयानं जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनाही दारूची श्वासतपासणी लागू केली. घरातल्या बाईच्या दृष्टीनं हा नियम सोन्यासारखा. नवी पद्धत आली, तिच्यासोबत पुरेशी माणसं, अवजारं आणि शिकवणूक आली, तर कामगारही तिचं स्वागतच करतो. पण वेळ कमी केला आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, की तोच नियम त्याला छळ वाटू लागतो. घाईत सुरक्षेची पायरी गाळली तर जिवाला धोका आणि ती पाळली तर उशिराचा ठपका, अशी त्याची दोन्हीकडून कोंडी होते.

गाडी कंपनीची, परवाना ड्रायव्हरचा

जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यानंतर महासंचालनालयानं दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांची झाडाझडती घेतली. २४ जूनला जे निष्कर्ष जाहीर झाले, त्यात विमानांच्या त्रुटी होत्या तशाच रॅम्पवरच्याही होत्या. बॅगांच्या ट्रॉल्या नादुरुस्त. सामान चढवायची यंत्रं नादुरुस्त. आणि रॅम्पवर फिरणाऱ्या कितीतरी गाड्यांना वेग आवरणारं यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर, बसवलेलंच नाही.

मग कारवाई काय झाली? त्या गाड्यांचे परवाने काढून घेतले, हे ठीकच झालं. पण सोबत ती गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांचे रॅम्पवर वाहन चालवायचे परवानेही निलंबित झाले.

इथं थोडं थांबू. गाडी ड्रायव्हरच्या मालकीची नसते. स्पीड गव्हर्नर बसवायचं की नाही हे तो ठरवत नाही. पाळीवर आलं की समोर जी गाडी दिली ती घेऊन निघायचं. ‘ही गाडी मी चालवणार नाही’ म्हणायची हिंमत मुदतीच्या करारावरचा मुलगा कुठून आणणार? कायद्याच्या पुस्तकात त्याची जबाबदारी असेलही, पण गाडी विकत घेणारा आणि तिची देखभाल करणारा यांच्या आधी हिसका बसला तो त्याला. ट्रॉलीचं चाक जाम असेल तर ती ओढायला दुप्पट जोर लागतो, वेळही दुप्पट. पण मोजणारं घड्याळ चाकाचं कारण ऐकून घेत नाही. नव्या पद्धतींबद्दलच्या वैतागाचं मूळ मला इथं दिसतं. नियम वरून खाली येतो आणि दोषही वरून खालीच घरंगळतो. वाटेत तो कुणाजवळ थांबत नाही.

मोंढ्यातला हमाल आणि रॅम्पवरचा लोडर

ओझं उचलणाऱ्याची काळजी घेणं महाराष्ट्राला नवीन नाही. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी त्यासाठी मुंबईत रान उठवलं. या कायद्यानं मंडळं आली. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून हमालाला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळायचा. पुण्यात बाबा आढावांनी १९५६ पासून हमाल पंचायत उभी केली. माणसाच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं नको, ५० किलोच्या वर नको, यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले. पोत्याचं वजन हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे त्यांनी राज्याला शिकवलं.

अंमलबजावणीच्या तक्रारी माथाडी कायद्यातही आहेतच. पण एक मोठा फरक बघा. मोंढ्यात व्यापारी बदलला, दुकान बंद पडलं, तरी हमालाची नोंद मंडळाकडे राहते. रॅम्पवर तसं नसतं. १५ मे २०२५ ला सेलेबी या तुर्की कंपनीच्या भारतातल्या शाखेची सुरक्षा मंजुरी सरकारनं राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. मुंबई विमानतळावरचं जमिनीवरचं बरंच काम हीच कंपनी बघत होती. देशभरात तिचे सुमारे १० हजार कर्मचारी होते. त्यांना नव्या कंपन्यांत सामावून घेऊ असं लगेच सांगण्यात आलं. सरकारच्या निर्णयात बरोबर काय नि चूक काय हा विषय वेगळा. पण सकाळी एका कंपनीचा शर्ट घालून निघालेल्या मुलाला संध्याकाळी आपला मालक कोण हे ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्या घरातल्या बाईनं कशी पचवली असेल? रॅम्पवरचं काम कायमचं असतं, पण करणाऱ्याची नोकरी मात्र कंत्राटावर टिकून असते.

आणि काउंटरवरच्या मुली?

मुलींच्या वाट्याला बॅगा कमी येतात, बोलणी जास्त. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते आणि त्यासाठी लागणारी तयारी कंपनीनं केलेली नव्हती. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, दवाखान्यात निघालेले, सगळे अडकले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण तो निघाला कुणावर? समोर उभ्या असलेल्या विशी-बाविशीच्या मुलींवर आणि मुलांवर. वैमानिकांची संख्या त्यांनी ठरवली नव्हती, वेळापत्रकही त्यांनी लावलं नव्हतं. पुढचं विमान कधी, हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

थकलेल्या वैमानिकाला विश्रांती हवी, हे आपल्या सरकारनं मान्य केलं, फार चांगलं केलं. मग रात्रपाळीनंतर विमानाच्या पोटात वाकणाऱ्या लोडरचा थकवा, आठ-आठ तास उभं राहून शिव्या खाणाऱ्या मुलीचा थकवा, हाही कधीतरी तितक्याच बारकाईनं मोजायला नको का?

पाठवण्याआधी हे विचारा

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिथं माणसं लागतील, आपल्याकडची मुलं जातील. जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. नोकरी वाईट नाही, कष्टाची आहे आणि कष्टाला आपण कधी लाजलो? पण डोळे उघडे ठेवून पाठवा.

पहिली गोष्ट, कोर्सच्या फीची. २०२४ च्या त्या जाहिरातीत हँडीमनसाठी अट होती दहावी पास आणि इंग्रजी वाचून समजण्याची. अर्जाचं शुल्क ५०० रुपये. म्हणजे लोडरच्या नोकरीसाठी हजारो रुपयांच्या कोर्सची गरज नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या रॅम्प ड्रायव्हरसाठी जड वाहनाचा परवाना लागतो आणि पगारही थोडा जास्त असतो. त्याच पैशात तो परवाना काढलेला बरा. आणि ‘नोकरी लावून देतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

दुसरी, नेमणुकीच्या पत्राची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं. त्यावर नाव कोणत्या कंपनीचं आहे ते वाचा. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या नेमणुकाही ठरावीक मुदतीच्या करारावर होत्या. करार किती वर्षांचा, ते पाहा. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. जादा कामाला दुप्पट दर आहे. मुलीला रात्रपाळी असेल तर ती तिच्या संमतीनंच देता येते आणि तिच्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीची असते.

तिसरी, दवाखान्याची. २०१७ पासून ईएसआयची मर्यादा महिना २१ हजार रुपये पगाराची ठरली. आता गंमत बघा, २२,५३० पगाराचा मुलगा त्या मर्यादेच्या जेमतेम वर जातो. म्हणून कंपनी वेगळा विमा देते का, कमरेचं दुखणं आणि कामावरचा अपघात त्यात येतो का, हे आधीच विचारून घ्या. मुंबईत खोलीचं भाडं आणि खानावळ वजा करून त्या पगारातून घरी काय येईल, हाही हिशेब वहीत मांडून बघा. तो हिशेब घरातल्या बाईइतका नीट कुणालाच जमत नाही.

आपणही प्रवासी

हे झालं आई म्हणून, बहीण म्हणून. पण आता आपणही विमानात बसतो. कुणी तिरुपतीला, कुणी दिल्लीला, कुणी बंगळुरूला लेकीच्या बाळंतपणाला जातं. आपला चिकलठाण्याचा विमानतळ जालन्याहून पन्नासेक किलोमीटरवर, येता-जाता रस्त्यात लागणारा. निघताना आपण डिंकाचे लाडू, पापड, लोणच्याच्या बरण्या, वर मोसंब्या असं सगळं एकाच बॅगेत कोंबतो आणि चाकं आहेत म्हणून निर्धास्त असतो. चाकं आपल्यासाठी असतात. विमानाच्या पोटात ती बॅग हातानंच उचलावी लागते. एका बॅगेला ३२ किलोची कमाल मर्यादा असते, पण तिथवर जायचं कशाला? एकाच्या दोन बॅगा करून परवानगीतलं वजन वाटून घेतलं तर आपलंही बरं आणि उचलणाऱ्याचंही.

आणि बॅग पट्ट्यावर उशिरा आली तर तक्रार जरूर करा, तो आपला हक्क आहे. फक्त ती करताना एक प्रश्न जास्तीचा लिहा. आज या विमानाला लोडर किती होते आणि ट्रॉल्या किती चालू होत्या? कंपनी लगेच उत्तर देणार नाही. पण असं विचारणाऱ्या शंभर जणी निघाल्या, तर मिनिटांसोबत माणसांचीही मोजणी करावी लागेल. त्या माणसांत आपल्या जालना-बुलडाण्याकडची पोरंही आहेत.